रंगावर जाऊ नका

सदर : पाना-पक्कड

स्पेअर पार्टच्या दुकानात ‘कुलंट द्या’ म्हटलं की काउंटरपलीकडून हमखास विचारणा होते, ‘हिरवं की लाल?’ गिऱ्हाईकही आधी बाटलीत काय दिसलं होतं ते आठवतं आणि एक रंग सांगून मोकळं होतं. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीच्या रेडिएटरचं भवितव्य एवढ्यावर ठरतं.

रंग हा वरून घातलेला असतो. गळती चटकन दिसावी आणि कुणी पाणी समजून पिऊ नये, एवढंच त्याचं काम. कुठल्या रंगात कुठलं रसायन असावं, याचा सगळ्या कंपन्यांना बांधील असा नियम नाही. एका कंपनीचं निळं आणि दुसरीचं निळं यांचा काडीचाही संबंध नसू शकतो. फोक्सवॅगनने नव्वदच्या दशकात निळसर-हिरव्या ‘जी-११’च्या जागी लाल ‘जी-१२’ आणलं, तेव्हा दोन्ही एकत्र झाली की तपकिरी गाळ बनायचा. तिथे निदान दोन रंग वेगळे होते. आपल्याकडे हिरव्यात हिरवं मिसळूनही गोंधळ होऊ शकतो. म्हणून कॅन फिरवून मागचा बारीक मजकूर वाचायचा. आयएस ५७५९ किंवा जपानी जेआयएस के २२३४ असं काही छापलेलं नसेल, तर तो कॅन परत फळीवर.

कुलंटमध्ये मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल असतं. त्यात निम्मं पाणी घातलं की मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. पुण्या-नाशिकला याचं काय कौतुक! आपली काळजी उकळण्याची, पण तिथे ग्लायकॉलमुळे उत्कलनबिंदू जेमतेम सात-आठ अंशांनी वर जातो. त्याहून दुप्पट काम रेडिएटरचं टोपण करतं. ०.९ बारचं टोपण आतला दाब धरून ठेवतं, म्हणून उकळायला आणखी अठरा-वीस अंश लागतात. महागडं कुलंट भरून त्यावर चिरलेल्या रबराचं टोपण लावणारे पसरणी घाटात बॉनेट उघडून उभे दिसतात.

मग निवडायचं काय, तर उरलेल्या थोड्या टक्क्यांतली गंजरोधक द्रव्यं. जुन्या पद्धतीच्या कुलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट असे क्षार असतात. ते धातूवर सगळीकडे पातळ थर धरतात आणि दोनेक वर्षांत संपतात. नव्या पद्धतीत सेंद्रिय आम्लं असतात. ती जिथे गंज धरू लागतो तिथेच लागू पडतात, त्यामुळे पाच वर्षंही टिकतात. यावरून नवं ते चांगलं असा निष्कर्ष काढाल तर पद्मिनी, अँबेसेडर किंवा जुन्या जीपच्या बाबतीत फसाल. त्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे, शिशाच्या डाकाने जोडलेले. सेंद्रिय आम्लांचं सूत्र या डाकासाठी बनलेलंच नाही, आणि काही जुन्या पद्धतीची सीलं, गास्केटंही त्याने मऊ पडतात. ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांच्या महासंघानेही आपल्या सभासदांना याबद्दल सावध केलं होतं. अशा गाडीला जुन्या पद्धतीचं, सिलिकेटवालंच कुलंट घालायचं.

झेन, सँट्रो, इंडिका या वयाच्या गाड्यांत ॲल्युमिनियमचा भाग वाढला. तिथे गाडीसोबतचं पुस्तक काय म्हणतं ते प्रमाण. जपानी कंपन्या सिलिकेट टाळतात, कारण ते वॉटर पंपाच्या सीलला घासतं असा त्यांचा आक्षेप. युरोपातल्या कंपन्या फॉस्फेट टाळतात, कारण तिथल्या जड पाण्यात त्याची खपली धरते. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे.

‘पाच वर्षं बघायला नको’ ही जाहिरात जुन्या गाडीच्या मालकाने मनावर घेऊ नये. होज पाइप कडक झालेले, क्लिपा सैल. दर महिन्याला थोडं कमी होतं आणि पेट्रोल पंपावरच्या नळाचं पाणी वरून पडतं. बोअरच्या पाण्यातले क्षार आत गेले की पाच वर्षांचा हिशेब केव्हाच बारगळतो. दोन वर्षांनी बदलावं लागणारं स्वस्त कुलंट मला इथे बरं वाटतं. त्या निमित्ताने कुणीतरी वाकून आत बघतं तरी. पाणी मात्र बॅटरीचंच वापरा.

वर्षानुवर्षं साध्या पाण्यावर चाललेल्या गाडीत कुलंट घातलं की आठवड्यात रेडिएटर गळू लागतो, आणि बोल कुलंटला लागतो. बारीक भोकं मुळातच पडलेली असतात. गंजाच्या खपलीने ती बुजलेली असतात, आणि खपली सुटली की उघडी पडतात. यावर रेडिएटरमध्ये हळद टाकायचा तोडगा ट्रकवाल्यांपासून चालत आलाय. रात्री अडनिड्या ठिकाणी अडकलात तर टाका बापडे, पण घरी आल्यावर रेडिएटरवाल्याकडे जाच. ती हळद भोकापुरती थांबत नाही, कोअरच्या नळ्यांतही बसते.

बदलताना एक हिशेब बहुतेकांचा चुकतो. रेडिएटर रिकामा केला तरी धुतलेलं पाणी ब्लॉकमध्ये राहतंच. त्यावर तयार मिश्रण ओतलं की ते आणखी पातळ होतं. एकूण चार लिटर मावत असेल तर दोन लिटर न मिसळलेलं कुलंट आधी ओतायचं आणि मग बॅटरीच्या पाण्याने भरायचं. खाली काढलेलं जुनं कुलंट घमेल्यात उघडं ठेवू नका. ते चवीला गोड लागतं, कुत्री चाटतात, आणि त्यांची मूत्रपिंडं जातात. मुलांनाही तितकाच धोका.

आणि मिस्त्रीने याच वेळी ‘थर्मोस्टॅट काढून टाकू का, आपल्या हवेत लागत नाही’ असं विचारलं, तर नाही म्हणा. तो नसला की इंजिन तापायला वेळ घेतं, हायवेला तर पुरेसं तापतच नाही. पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये गाळ धरतो. सगळं रिकामं केलेलंच आहे तर नवा बसवून घ्या, आणि टोपणही त्याच बिलात.