खांदेरीची लढाई संगणकाला कशी कळणार?

बंगळूरच्या पूर्वेकडचा महादेवपुरा हा भाग २००७ साली शहराच्या महापालिकेत आला. व्हाइटफील्डपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात आज संगणक कंपन्यांच्या उंच काचेच्या इमारती दिसतात. नोकरीच्या निमित्ताने पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-बेळगावहून आलेली मराठी कुटुंबेही या भागात राहतात. ज्या बंगळूरची जहागीर सतराव्या शतकात शहाजीराजांकडे होती, त्याच शहरात वाढणारी मराठी मुले आता शिवरायांच्या आरमाराबद्दलची शंका आजोबांना विचारत नाहीत, मोबाइलला विचारतात. उत्तर क्षणात मिळते. पण ते येते कुठून? आणि त्यावर किती विसंबावे?

डब्यांवरच्या चिठ्ठ्या

अशा उत्तरांमागे बहुधा ‘नॉलेज ग्राफ’ म्हणजे ज्ञानाचे जाळे असते. गूगल कंपनीने असे जाळे मे २०१२ मध्ये वापरात आणले. याच कंपनीचे ‘अनंता’ हे मोठे कार्यालय फेब्रुवारी २०२५ मध्ये महादेवपुऱ्यात सुरू झाले. सर्वांना खुले असलेले ‘विकिडेटा’ हे जाळेही २०१२ च्या ऑक्टोबरमधलेच. त्यात आज दहा कोटींहून अधिक नोंदी आहेत.

या जाळ्यात निबंध नसतात, छोटी छोटी विधाने असतात. खांदेरी हे बेट आहे. बेट अरबी समुद्रात आहे. तिथली लढाई १६७९ साली झाली. एका विधानाचे टोक दुसऱ्याला जोडलेले असते. घरातल्या नात्यांसारखेच हे आहे. कोण कोणाचा भाऊ आणि कोण कोणाची मुलगी एवढे कळले, की मामा-भाचीचे नाते आपोआप उलगडते.

मात्र एक अडचण आहे. स्वयंपाकघरातल्या डब्यावर नुसते ‘डाळ’ असे लिहिले असेल आणि नव्या सुनेला तूरडाळ हवी असेल, तर चिठ्ठ्या वाचून तिला ती सापडणार नाही. डाळ घरात असूनही नसल्यासारखीच! एखाद्या नोंदीवर नुसते ‘लढाई’ लिहिले असेल, ‘आरमारी लढाई’ लिहिले नसेल, तर समुद्रावरच्या लढायांची यादी मागणाऱ्याला ती दिसत नाही. काही ठिकाणी तर ‘वेढा’, ‘मोहीम’ किंवा ‘घटना’ एवढीच चिठ्ठी असते.

हजारो नोंदी एकेक करून तपासायला माणसे कुठून आणायची? म्हणून ते काम आता ‘लँग्वेज मॉडेल’कडे दिले जाते. अफाट मजकूर वाचून भाषेची वळणे शिकलेला हा संगणकी कार्यक्रम आहे. नोंदीसोबतचा मजकूर त्याला द्यायचा आणि विचारायचे, की ही लढाई पाण्यावर झाली का? जहाजे, नांगर, तोफा, आरमार अशा खुणा पाहून तो उत्तर देतो. दमत नाही, कंटाळत नाही.

एका बेटाची तीन उत्तरे

खांदेरीचेच उदाहरण घेऊ. अलिबागजवळच्या थळ गावासमोर हे बेट आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी यांनी तिथे तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला उभा राहणार, हे इंग्रजांना परवडणारे नव्हते. त्यांनी बेटाची नाकेबंदी केली. पुढे जंजिऱ्याचा सिद्दीही त्यांच्या बाजूने आला. ऑक्टोबरमध्ये दौलतखानाच्या मराठी आरमाराने इंग्रज जहाजांवर हल्ला चढवला. त्यात इंग्रजांचे ‘डव्ह’ हे गुराब मराठ्यांच्या हाती लागले. ‘रिव्हेंज’ मात्र झुंजत राहिले आणि मराठी गलबते मागे फिरली.

आता याला म्हणायचे काय? किल्ल्याचे बांधकाम, नाकेबंदी की आरमारी लढाई? तिन्ही उत्तरांत तथ्य आहे. जिंकले कोण, हा प्रश्न त्याहून अवघड. त्या दिवसाच्या झुंजीपुरते बोलायचे तर इंग्रजांनी विजय आपला मानला. पण बेटावर रसद पोहोचत राहिली, तटबंदी उभी राहिली आणि १६८० मध्ये इंग्रजांनाच माघार घ्यावी लागली. बेट मराठ्यांकडेच राहिले. म्हणून एका दिवसाची झुंज आणि महिनोन्महिन्यांची मोहीम या दोन नोंदी वेगळ्या ठेवाव्या लागतात. त्या एकत्र केल्या, तर विजेत्याच्या रकान्यात जे नाव पडेल ते अर्धेच खरे असेल.

तारखेचीही गंमत आहे. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत जुने कॅलेंडर चालत होते. सतराव्या शतकात ते आजच्या कॅलेंडरच्या दहा दिवस मागे होते. इंग्रजी कागदांतली १८ ऑक्टोबर १६७९ ही तारीख आजच्या हिशेबाने २८ ऑक्टोबर होते. हे ध्यानात घेतले नाही, तर एकाच लढाईच्या दोन लढाया व्हायला कितीसा वेळ लागणार?

नावांचा गोंधळ

जुन्या इंग्रजी कागदांत विजयदुर्ग ‘घेरिया’ होतो, सुवर्णदुर्ग ‘सेव्हर्नड्रूग’ होतो, तर उंदेरी-खांदेरीची जोडी ‘हेनरी-केनरी’ होते. ही नावे एकाच ठिकाणाची आहेत हे ओळखण्यात लँग्वेज मॉडेलचा मोठा उपयोग होतो, कारण नुसती अक्षरे जुळवणाऱ्या जुन्या पद्धतीला ते साधत नसे. उलट ‘खांदेरी’ हे एकच नाव बेटाचे आहे, किल्ल्याचे आहे आणि २०१९ साली नौदलात दाखल झालेल्या पाणबुडीचेही आहे. तिथे यंत्राला नावे तोडायला शिकवावे लागते.

ते फसतेही. १७४१ साली त्रावणकोरच्या फौजेने कोलाचेल येथे डच कंपनीचा पराभव केला. डच समुद्रातून आले होते, तरी लढाई झाली ती किनाऱ्यावर. नुसती ‘जहाजे’ वाचून तिला आरमारी ठरवणे चूक ठरेल. १७५६ साली ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराने विजयदुर्गावर तोफा डागल्या आणि तुळाजी आंग्रे यांची जहाजे बंदरातच जळून गेली. ‘इंग्रज विरुद्ध मराठे’ अशी सरधोपट नोंद इथे खोटी पडते, कारण त्या वेळी पेशव्यांचे सैन्यही तुळाजींच्या विरुद्ध उभे होते.

सर्वांत मोठा धोका म्हणजे यंत्राचा आत्मविश्वास. ठाऊक नसलेली गोष्टही ते ठाम सुरात सांगते. शिवाय त्याने वाचलेल्या मजकुरात इंग्रजीचा वाटा फार मोठा आहे. मराठा राज्याचे सरखेल कान्होजी आंग्रे यांना जुन्या इंग्रजी लेखकांनी चाचा म्हटले. तेच वाचून शिकलेल्या यंत्राने तोच शब्द पुढे केला, तर नवल नाही. मराठी बाजू पाहायची तर मोडी कागद वाचायला हवेत. पुण्याचे पेशवे दप्तर आणि १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ यांनी असे लाखो कागद जपले आहेत. पण जो कागद वाचून छापला गेला नाही, संगणकात आला नाही, तो यंत्राच्या लेखी नाहीच!

कशावरून?

म्हणून जाणकार या कामात काही पथ्ये पाळतात. उत्तरासोबत आधाराचे वाक्य मागतात. ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्याबरोबर ‘सांगता येत नाही’ ही मुभाही यंत्राला देतात. जाणत्या माणसाने आधी तपासलेल्या थोड्या लढायांवर त्याची परीक्षा घेतात, आणि शंकास्पद नोंदी पुन्हा माणसाच्या हाती सोपवतात.

घरातही हे पथ्य पाळता येईल. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. या निमित्ताने मुले प्रश्न विचारतीलच. त्यांच्या हातून मोबाइल काढून घेण्याची गरज नाही. उत्तर आले, की ‘हे कशावरून?’ असे विचारायची सवय मात्र लावावी. आधार मिळाला तर तो उघडून वाचावा, नाही मिळाला तर ग्रंथालयातले पुस्तक काढावे. विकिडेटावरची चुकीची नोंद आधार देऊन कोणालाही दुरुस्त करता येते. महादेवपुऱ्यातल्या एखाद्या मराठी घरात सुटीच्या दिवशी बाप-लेकीने मिळून खांदेरीची नोंद उघडली आणि तिच्यावरची चिठ्ठी तपासली, तर पुढच्या विचारणाऱ्याला ती लढाई नीट सापडेल.