बिनतारी दाराची किल्ली

सुटीत वसतिगृहातून घरी येणारी मुले हल्ली लॅपटॉप काखोटीस मारूनच येतात. हे यंत्र माजघरातून ओटीवर हिंडते, तरी इंटरनेटशी त्याचे नाते तुटत नाही. हे घडते कसे, अशी पृच्छा वडील मंडळी आमच्यापाशी करतात.

भिंतीवरील बिनतारी पेटी, जिला ॲक्सेस पॉइंट म्हणतात, ती दर सेकंदास सुमारे १० वेळा आपले नाव पुकारीत असते. नाव ओळखीचे असेल तर लॅपटॉप आपण होऊन तिच्याशी जोडला जातो. वसतिगृहासारख्या मोठ्या इमारतीत एकाच नावाच्या अनेक पेट्या असतात. एकीचा आवाज क्षीण झाला की लॅपटॉप दुसरीचा आश्रय घेतो. केव्हा सोडावे, हे बहुधा लॅपटॉपच ठरवितो. काही यंत्रे दूरच्या पेटीलाच चिकटून बसतात, आणि बोल मात्र बिचाऱ्या पेटीस!

परंतु लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. घरातील बोलणे रस्त्यावरील यंत्रासही ऐकू जाते. म्हणून ते सांकेतिक रूपात पाठविणे भाग पडते. १९९७ सालच्या वेप नामक पद्धतीतील वैगुण्य २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन व शमीर यांनी उघडकीस आणले; ते कुलूप आता काही मिनिटांत निघते. त्यानंतर २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ व २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आली. यांत पासवर्ड हवेतून जातच नाही. तो आपणांस ठाऊक आहे एवढे उभय यंत्रे परस्परांस पटवितात व त्या भेटीपुरती नवी किल्ली घडवितात. मात्र डब्ल्यूपीए-२ मधील ही देवघेव टिपून घेऊन चोरास घरबसल्या लाखो शब्द ताडून पाहता येतात. मुलाचे नाव किंवा मोबाईलचा क्रमांक हाच पासवर्ड असेल, तर तो कितीसा टिकणार? डब्ल्यूपीए-३ ने चोराची ही सोय काढून घेतली आहे.

याहून मोठा धोका नावाचा. नाव कोणीही धारण करू शकतो. खाणावळीतील पासवर्डविना खुल्या असलेल्या वायफायशी लॅपटॉप एकदा जोडला, की पुढे त्याच नावाची भलत्याने लावलेली पेटीही त्यास ओळखीचीच वाटते. बँकेच्या संकेतस्थळाची स्वतःची सांकेतिक व्यवस्था असते खरी. पण भलत्याने पुढे केलेल्या खोट्या पानावर आपणच पासवर्ड लिहून दिला, तर तिचा काय उपयोग? यास्तव घरी परतताच असली खुली नावे मुलांकडून यंत्रातून पुसून घ्यावीत, आणि घरच्या पेटीचा पासवर्ड चांगला लांबलचक, कोणास न सुचेल असा ठेवावा.