दोन समीकरणं, तीन अज्ञात

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. रूममेट अंघोळीला गेला तो बाहेरच येईना. दार ठोठावल्यावर कशीबशी कडी काढली आणि पलंगावर आडवा झाला. डोकं भणभणतंय म्हणाला, मग उलटी. कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये होता, तो बोटाला लावला. 98! "ऑक्सिजन मस्त आहे रे, ॲसिडिटी असेल," असं निदान करून मी मोकळा.

शेजारच्या काकूंनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला, "गॅस गीझर आहे ना आत? खिडकी बंद होती का?" होती. लगेच हॉस्पिटलात नेलं. रक्तात कार्बन मोनॉक्साइड निघाला. थोडक्यात वाचला.

मग 98 आले कुठून? ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकाश सोडतो, 660 नॅनोमीटरचा लाल आणि 940 च्या आसपासचा इन्फ्रारेड. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल कमी शोषतं, इन्फ्रारेड जास्त. ऑक्सिजन सोडलेलं याच्या बरोब्बर उलट. दोन मोजमापं, दोन अज्ञात, गणित सुटलं. नाडीच्या ठोक्याबरोबर बदलणारा प्रकाश तेवढाच मोजायचा, ही जपानच्या ताकुओ आओयागींची 1974 ची युक्ती, खरंच थोर.

पण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन 660 ला जवळजवळ ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं. अज्ञात तीन, समीकरणं दोनच! मेटहिमोग्लोबिन खूप वाढलं तर आकडा 85 च्या आसपास अडकून बसतो. सिकलसेलमध्ये बिघाड ग्लोबिनच्या साखळीत असतो, रंग देणारा हीम तोच, त्यामुळे तो यात ओळखूच येत नाही. हॉस्पिटलातला को-ऑक्सिमीटर रक्ताचा नमुना जास्त तरंगलांबींवर तपासतो, म्हणून तिथे चोर सापडला.

आपल्या धंद्यात क्रॅश होणारा कोड परवडतो, चुकीचं उत्तर ठामपणे देणारा नाही. माझं मत विचाराल तर अशा प्रत्येक यंत्राच्या खोक्यावर, बारीक टाइपात नव्हे, ठळक मराठीत लिहिलं पाहिजे: 'गॅसची बाधा यावर कळत नाही.' यंत्राने फसवलं नाही हो, त्याला विचारलेल्या प्रश्नाचंच त्याने उत्तर दिलं. प्रश्न कुठला विचारलाय हे मला माहीत नव्हतं, आणि आकडा बघून मी विचार करणंच थांबवलं.

असो. गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर बाहेर बसवून घ्या. आज रविवारच आहे, प्लंबरला फोन करा.