अवजड मालाचें सारथ्य

महाभारतांत दोन थोर पुरुषांनीं सारथ्य पत्करिलें. श्रीकृष्णानें तें आनंदानें केलें. शल्यानें तें हीन मानून नाइलाजानें केलें, आणि कर्णाचा तेजोभंग करण्यांतच आपली वाणी खर्चिली. "मी अवजड मालाची गाडी चालविणार" असें मुलानें म्हणतांच आपल्या सुशिक्षित घरांतून जे उद्गार निघतात, ते बहुधा शल्याच्या पंक्तीस बसणारे असतात. असे प्रसंग अलीकडे वरचेवर आमच्या कानीं येतात, म्हणून या महिन्यास हा विषय घेतला आहे.

प्रथम हा धंदा कसा असतो तें पाहूं. ८ जुलै २०१९ रोजीं महाराष्ट्रांतून ७४ चाकांची एक गाडी थिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्राकडे निघाली. तिजवर सुमारें ७० टन वजनाचें यंत्र होतें आणि बरोबर ३२ माणसें होतीं. चार राज्यें ओलांडून ती जुलै २०२० मध्यें पोंचली. म्हणजे दिवसास सरासरी पांच किलोमीटरांच्या आसपास! वाटेंत कोठें झाडें तोडावीं लागलीं, कोठें विजेचे खांब हलवावे लागले, कोठें रस्ताच दुरुस्त करावा लागला. या कामीं मनगटाइतकीच भूमिति लागते, आणि भूमितीहून अधिक संयम लागतो.

कोल्हापुरास हा धंदा परका नाहीं. शिरोली व गोकुळ शिरगांव येथील ओतकामाचे कारखाने, जिल्ह्यांतील साखर कारखाने आणि पुणें-बंगळूर महामार्ग यांमुळें जड माल येथें नित्य हलत असतो. शिवाय कोंकणांत उतरणारे आंबा, फोंडा व करूळ हे घाट म्हणजे या विद्येच्या परीक्षेचीं केंद्रेंच होत. उतारावर सारा भार ब्रेकवर न टाकतां, खालचा गिअर घालून एंजिनाच्या ओढीनेंच वेग आवरावा लागतो. कारण ब्रेक फार तापले कीं धरीत नाहींत.

आतां क्रम सांगतों. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें प्रथम हलक्या वाहनाचा परवाना काढावा. तो निदान एक वर्ष बाळगल्यावर मालवाहू वाहनाचा शिकाऊ परवाना मिळतो. वयास २० वर्षें पुरीं झालेलीं पाहिजेत. परवाना हातीं येतांच मोठ्या ट्रेलरवर बसण्याची घाई करूं नये. दोन-तीन वर्षें साध्या ट्रकवर काढावीं, आणि क्लीनरच्या कामासही लाजूं नये. टायर बदलणें, जॅक लावणें, साखळदंडांनीं माल आवळणें हें तेथेंच कळतें. त्यानंतर ट्रेलर, आणि शेवटीं अनेक ॲक्सलांचे हायड्रॉलिक ट्रेलर ओढणारे पुलर.

शिकलेल्या मुलाचा खरा लाभ पुढें आहे. चार टायरांच्या एका ॲक्सलवर २०१८ पासून साडेअकरा टनांची मर्यादा आहे. मर्यादेबाहेर भार घातल्यास, २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें, वीस हजार रुपये आणि शिवाय प्रत्येक जादा टनामागें दोन हजार रुपये दंड आहे. ज्यास हा हिशेब नेमका करितां येतो, मार्गाची आगाऊ पाहणी करून पुलांची व तारांची उंची टिपतां येते, परवानगीचे अर्ज लिहितां येतात, तो ड्रायव्हरचा पर्यवेक्षक होऊं शकतो. स्वतःची गाडी मात्र सर्वांच्या शेवटीं घ्यावी. कर्जाचा हप्ता दरमहा येतो. काम दरमहा येतेंच असें नाहीं.

दुसरी बाजू लपविणें योग्य नव्हे. आठवडेच्या आठवडे घर दुरावतें, जेवणास वेळ नसते, झोंप अपुरी पडते. मोटार कामगारांसाठीं १९६१ मध्यें झालेल्या कायद्यानें दिवसाचें काम आठ तासांचें ठरविलें होतें. तें माप मनांत धरून, मालक किती तास गाडी हांकावयास लावतो, याची चौकशी नोकरी धरण्यापूर्वींच करावी. डोळ्यांवर झोंप आली असतां, मालक रागावेल तरी, गाडी बाजूस उभी करण्याचें धैर्य ज्याच्या अंगीं नाहीं, त्यानें या वाटेस जाऊंच नये.

पालकांनीं मुलाची परीक्षा अवश्य घ्यावी. पण ती या धैर्याची घ्यावी, घराण्याच्या नांवाची नव्हे. आणि तो तींत उतरला, तर त्यास मोकळ्या मनानें आशीर्वाद द्यावा. रात्रीं एकटा घाट उतरतांना त्याच्या कानांत घरचे शब्द घुमणारच. ते शल्याचे नसावेत, एवढेंच आमचें मागणें.