नवे वाद्यमेळ आणि आपले कान

आपल्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांत संगीताविषयी बोलणे निघाले, की अलीकडे एक प्रश्न हटकून विचारला जातो : या नव्या मुलांच्या विजेच्या वाद्यांच्या गोंगाटाला संगीत म्हणायचे काय? विचारणाराचे उत्तर आधीच ठरलेले असते, आणि ऐकणाराही मान डोलावून मोकळा होतो. परंतु हा निकाल देणारांपैकी फार थोड्यांनी ते वादन समोर बसून ऐकलेले असते. निकालाआधी साक्ष ऐकावी, या साध्या न्यायाने मी गेल्या हिवाळ्यात अहमदाबादेस भरलेल्या प्रायोगिक संगीताच्या एका जलशाला गेलो आणि सकाळी अकरापासून रात्री दहापर्यंत एकामागून एक सहा वाद्यमेळ, हल्लीच्या भाषेत ‘बँड’, ऐकले. त्या दिवसाचा हिशेब वाचकांपुढे ठेवावा आणि आपल्या संगीत मंडळांनी याबाबत काय करावे ते सुचवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम वाईट तेच सांगतो. पहिला मेळ तिघांचा होता : दोन गिटारी आणि एक ड्रमवाला. प्रत्येक गिटारवाल्याच्या पायाशी आवाज पालटणाऱ्या पेट्यांची रांग. एकेकट्याचा हात तयार होता, हे नाकारता येणार नाही. पण चाळीस मिनिटांत एकानेही दुसऱ्यासाठी जागा सोडली नाही. ध्वनिक्षेपकांचा दणका एवढा, की सूर कानाला लागण्याऐवजी छातीला लागत होते. मात्र याचा दोष विजेला देऊन चालणार नाही. जुगलबंदीच्या नावाखाली दोन नामांकित बुवा एकमेकांवर कुरघोडी करतात तेव्हा नेमके हेच घडते, आणि तेव्हा आपण टाळ्या वाजवतो.

दुपारचा मेळ दोघांचाच : एक सारंगिये आणि एक संगणकवाला. सारंगीची एखादी फिरत ते यंत्र टिपून ठेवी आणि काही क्षणांनी परत करी. कधी जशीच्या तशी, कधी सप्तकभर खाली. आरंभी हा पोरखेळ वाटला. पण सारंगियांनी मारव्याचे अंग धरले होते. मारव्यात षड्ज जपून वापरायचा असतो, हे वाचकांना सांगायला नको. यंत्र कोमल रिषभ पुन्हा पुन्हा परत आणू लागले, तसे सारंगिये थांबू लागले, परतलेल्या सुराला वाट देऊ लागले. शेवटी त्यांनी षड्जाला स्पर्श केला तेव्हा तो जुना रिषभ हवेत अजून उभाच होता. दोन्ही सुरांचे घर्षण सबंध सभागृहाने अनुभवले. सारंगियांनी तो रिषभ विरेपर्यंत षड्जावरून गज हलविला नाही. असा षड्ज मी चांगल्या चांगल्या बैठकींतही क्वचितच ऐकला आहे.

तिसरा मेळ चार मुलींचा. त्यांनी तांब्याची माण समोर ठेवली होती आणि बोटांतल्या अंगठ्यांनी ती वाजवीत होत्या. प्रेमानंदाच्या गावात राहणाऱ्यांना माणभट्टांची ही माण परकी नाही. मुलींनी तिच्या पोटाशी छोटासा मायक्रोफोन चिकटविला होता. त्यामुळे अंगठीचा टणत्कार संपल्यानंतर भांड्याच्या आत जो घुमारा उरतो, तो मोठा होऊन ऐकू येई, आणि त्या घुमाऱ्यालाच आधारस्वर मानून चौघीजणी वाजवीत. पुढचा एक मेळ नुसता एकच स्वरसमूह वीस-पंचवीस मिनिटे धरून बसला. शेजारचे गृहस्थ उठून गेले. पण तंबोऱ्याच्या जवारीत कान बुडवून बसायची सवय असलेल्या माणसाला त्या आवाजाच्या आत उमटत जाणारे सूर ऐकणे अवघड नव्हते. उरलेल्या दोन मेळांविषयी लिहावे असे काही नाही.

या सहांपैकी तीन मला संगीत वाटले, तीन वाटले नाहीत. निवड कोणत्या कसोटीवर केली, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. वाद्य देशी की विदेशी, राग ओळखू येतो की नाही, ही माझी कसोटी नव्हती. मी एवढेच पाहिले, की वाजवणारा ऐकतो आहे काय. आपल्या भाषेत याला ‘संगत’ असा नेमका शब्द आहे. एकट्याने वाजवणारालाही संगत लागते : स्वतः काढलेल्या सुराची. ही कसोटी आपल्याच घरातली आहे, आणि ती लावण्यास गिटारीची ओळख असावी लागत नाही.

आपण बडोदेकरांनी तर प्रयोगाला बिचकण्याचे काहीच कारण नाही. 1886 साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबख्शांनी इथे गायनशाळा काढली. जे शिक्षण गुरूच्या घरात चालत असे ते वर्गात आणि लिपीत आणणे, हा त्या काळी साधा प्रयोग नव्हता. फ्रेडिलिस या युरोपीय बँडमास्तरांनी इथेच देशी वाद्यांचा वृंद बसविला. 1916 सालची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भातखंड्यांनी भरविली, तीही बडोद्यातच. मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी 1918 च्या सुमारास अनाथ मुलांचा बँड उभा केला आणि बंदुकांच्या नळ्यांचे नलतरंग वाजते केले. हार्मोनियम आकाशवाणीने 1940 पासून सुमारे तीस वर्षे वर्ज्य ठेवली होती. आज तिच्यावाचून आपले भजनही उभे राहत नाही. बालगंधर्वांच्या नाटकांतील ऑर्गनचा सूर ज्यांच्या घरात अजून आठवणीने निघतो, त्यांनी वाद्याच्या परकेपणाबद्दल बोलू नये हे बरे.

पण इतिहासाचा हा अभिमान पुरेसा नाही, कारण प्रयोग विसरणे हीही आपली सवय आहे. अहमदाबादेच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला. त्यामागे पखवाज वाजवणाऱ्या गीता साराभाई होत्या. 1946 साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज यांना भारतीय संगीत समजावून सांगणाऱ्या त्या याच. त्या यंत्रावर आपल्याकडच्या माणसांनी 1972 पर्यंत रचना केल्या, फितींवर ध्वनिमुद्रित केल्या, आणि नंतर त्या फिती जवळजवळ अर्धशतक संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने अलीकडे त्या शोधल्या तेव्हा जगाने ऐकल्या. आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर हे घडले आणि आपल्या संगीत शिक्षकांच्या दोन पिढ्यांना त्याची गंधवार्ता नव्हती. शिष्य नाही, पुनःप्रयोग नाही, बसून ऐकणारा नाही, तिथे प्रयोगाची अशीच गत होते.

त्या दिवशी ऐकलेल्या मेळांनाही हाच धोका आहे. वादन संपल्यावर मी त्या मुलींना विचारले, हे पुन्हा कुठे वाजवणार? त्या म्हणाल्या, “कुणी बोलावले तर.” समोर सारे समवयस्क मित्रच बसले होते. प्रत्येक तुकड्याला सारखाच जल्लोष होत होता. चांगले कुठले, फसलेले कुठले, हे सांगणारे कोणी नव्हते. उलट आमच्या मंडळांच्या बैठकींत जाणकार भरपूर, पण पुढच्या रांगांत काळा केस शोधावा लागतो. माझ्या वर्गातली मुले शिक्षण संपले की बैठकीलाही येत नाहीत आणि तिकडच्या जलशांत त्यांना कान पिळणारा कोणी भेटत नाही. एकीकडे कान आहेत, दुसरीकडे हात आहेत, आणि दोघांची गाठ पडत नाही, ही खरी चिंता आहे.

म्हणून सूचना साधी आहे. आपल्या प्रत्येक जुन्या मंडळाने वर्षातून एक संध्याकाळ अशा एका मेळाला द्यावी. फुकट नव्हे, नेहमीचे तिकीट लावून आणि नेहमीची बिदागी देऊन. ध्वनिक्षेपकांचा आवाज किती असावा हे मंडळाने आधी ठरवावे आणि तो पाळला जाईल असे पाहावे. वादनानंतर अर्धा तास श्रोत्यांनी वादकांशी बोलावे. जे आवडले नाही ते तोंडावर सांगावे आणि का आवडले नाही तेही सांगावे. आणि जे उतरले असेल त्याला पुढच्या वर्षी पुन्हा बोलवावे. दिवाळीनंतरचा पहिला शनिवार मोकळा असतो. तेवढ्यापासून आरंभ करण्यास कोणत्याही मंडळाला अडचण पडू नये.