गोळी संपली, जबाबदारी कोणाची?

'पोरगं आता बरं दिसतंय, मग गोळी कशाला?' हा प्रश्न आपल्या वस्त्यांत सर्रास ऐकू येतो. तो विचारणाऱ्या आईबापांना अडाणी ठरवून मोकळे होणाऱ्यांपैकी आम्ही नाही. परंतु क्लोनिडिनसारख्या औषधाबाबत त्याचे उत्तर घराघरात ठाऊक असलेच पाहिजे.

क्लोनिडिन हे मुळात रक्तदाबाचे औषध. मूत्रपिंडाच्या विकाराने रक्तदाब वाढलेल्या मुलांना ते दिले जाते. अतिचंचल मुलांनाही देतात; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० साली ६ ते १७ वयोगटासाठी त्याच्या एका प्रकाराला तशी मान्यता दिली. म्हणजे ज्याला रक्तदाबाचा विकारच नाही, त्या मुलाच्याही पोटात हे औषध जाते. घरचे गाफील राहतात ते इथेच.

हृदय व रक्तवाहिन्यांना उत्तेजित करणारे मेंदूचे संदेश हे औषध दाबून धरते. शरीराला त्याची सवय होते. औषध एकाएकी थांबले की ते संदेश उसळतात आणि रक्तदाब एक-दोन दिवसांत झपाट्याने चढू शकतो. डोकेदुखी, धडधड, थरथर, बेचैनी ही लक्षणे. क्वचित मेंदूला इजा होऊन जीवावरही बेतते. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकली नाही, तरी धोका तोच. म्हणून औषध बंद करायचे तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ३ ते ७ दिवसांच्या अंतराने, थोडी थोडी मात्रा उतरवावी लागते.

पण गोळी थांबते का? मजुरी बुडवून दवाखाना गाठावा, तर खिडकीवर 'औषध शिल्लक नाही'. बाहेरून घ्यावे, तर पैसा नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, त्याचे स्वागतच आहे. परंतु गोळीच नसेल, तर मोफत काय? संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. त्या कर्तव्याची खरी परीक्षा औषधाच्या खिडकीवरच होते.

आमची मागणी साधी आहे. अशा औषधाच्या चिठ्ठीवर 'एकाएकी बंद करू नका' असे ठळक मराठीत लिहा आणि साठा संपण्याआधीच पुढची सोय करा. आईबापांनीही गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी दवाखाना गाठावा, गोळी चुकून त्रास दिसताच मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे. औषध नाही म्हणणाऱ्याला मात्र एक प्रश्न जरूर विचारावा : मग मुलाने उद्या काय घ्यायचे? उत्तर मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नये.