घरघर गाळताना षड्जही गळतो

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, रामन यांच्या प्रकाशाविषयी भरभरून लिहिले जाते. त्यांच्या नादाविषयी क्वचितच. तार जिथे छेडली जाते, तिथेच ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू पडतो तो उपस्वर उमटू नये, असा यंग-हेल्महोल्ट्झ यांचा नियम आहे. तंबोरा तो सरळ मोडतो, हे रामन यांनी १९२१ साली दाखवले. वक्र घोडी आणि तारेखालचा सुताचा धागा यांमुळे न अपेक्षिलेले उपस्वरही जागे होतात. हीच जवारी. मिरजेचे कारागीर जे आणण्यासाठी घोडी तासतात, ते आज संगणकावरचा एक फिल्टर काही सेकंदांत पुसतो.

हे अनुभवाने सांगते आहे. आमच्या दिवंगत गुरुजींच्या बैठकीची एक कॅसेट मी के. आर. पुरममधल्या घरी संगणकावर उतरवली, विजेची घरघर काढली आणि मोठ्या अभिमानाने गुरुभगिनीला पाठवली. तिचा एकच प्रश्न आला : ‘त्या दिवशी तंबोरा नव्हता का?’

हिशेब साधा होता. मी तो आधी केला नव्हता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिची तिप्पट १५०. गुरुजींची पट्टी पांढरी दोन, म्हणजे षड्ज सुमारे १४६.८ हर्ट्झ. दोघांत अंतर जेमतेम सव्वातीन हर्ट्झचे. मी लावलेला नॉच फिल्टर १५ हर्ट्झ रुंद होता, त्यामुळे तंबोऱ्याच्या जोडीच्या मूळ कंपनाचा आयाम सुमारे ४० टक्क्यांवर आला. रुंदी ३ हर्ट्झ ठेवली असती तर तो ९० टक्क्यांवर राहिला असता. मात्र अरुंद फिल्टर स्वतःच घुमतो : त्याचा घुमारा ओसरण्याचा काळ पाचपट, म्हणजे सुमारे एकदशांश सेकंद होतो, आणि तानेच्या प्रत्येक ठाशीव अक्षरामागे तो ऐकू येऊ शकतो. फुकट काहीच मिळत नाही.

जुन्या फितीची आणखी एक अडचण असते. तिचा वेग एक टक्का जरी ढळला, तरी फितीत मुद्रित झालेली घरघर १५० वरून दीड हर्ट्झ सरकते आणि अरुंद फिल्टरच्या काठावर जाऊन बसते. इथेच माझी मुख्य सूचना आहे. घरघर कचरा म्हणून फेकण्याआधी ती मोजावी. मूळ ध्वनिमुद्रणातच ती शिरली असेल, तर ते फितीवर आपोआप नोंदले गेलेले घड्याळ आहे (अगदी काटेकोर नव्हे, विजेची वारंवारिताही थोडी हलते). प्लगइनने आधी त्या घड्याळावरून फितीचा वेग सुधारावा, म्हणजे गायकाची खरी पट्टीही हाती येते, आणि मगच गाळणीला हात घालावा.

दुसरे, त्याने षड्ज विचारावा. हर्ट्झचे आकडे गायकाला काय सांगणार? ‘पांढरी दोन’ निवडल्यावर कोणती घरघर कोणत्या स्वराला चिकटून आहे, हे पडद्यावर दिसले पाहिजे. ‘ऑडॅसिटी’च्या नॉइज रिडक्शनमध्ये ‘रेसिड्यू’ नावाची सोय आहे : जे गाळले जाणार ते आधी ऐकता येते. ती प्रत्येक फिल्टरमध्ये, आणि बटणांच्या गर्दीत न लपवता, हवी.

वापरणाऱ्याला एकच बटण हवे असते, हा युक्तिवाद मला ठाऊक आहे. मुलाखतीच्या शब्दांपुरता तो मान्यही आहे. तिथे सतत चालणारा ध्वनी बहुधा पंख्याचाच असतो. मैफलीत सतत चालतो तो तंबोरा. सततपणा म्हणजे गोंगाट, हे गृहीतक तिथे चुकीचेच ठरते. आणि घरोघरी कॅसेटी उतरवून मूळ फिती टाकून दिल्या जात आहेत, तेव्हा ही चूक दुरुस्त करायला मागे काही उरणार नाही.

माझी फीत सुदैवाने शाबूत होती. दुसऱ्यांदा उतरवली तेव्हा थोडी घरघर तशीच ठेवली. कुणी विद्यार्थी वेगसुधारणेचा हा भाग लिहून पाहणार असेल, तर चाचणीसाठी मूळ ध्वनिफीत द्यायला मी तयार आहे, घरघरीसकट.